मागे उभं राहायचं काम

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कॉटनवुड कॅम्पग्राउंडवरची मंडळी आपापल्या घडीच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडतात. सूर्यास्त बघायला नव्हे, तो पाठीमागे होतो. नवीन आलेली जोडपी गाडीमागे जोडलेले आपले राहायचे ट्रेलर उलटे घेऊन जागेत लावताना एकमेकांशी कशी भांडतात, ते बघायला. नवरा गाडीत, बायको मागे. ती ओरडते, "डावीकडे!" तो ओरडतो, "कुणाच्या डावीकडे?" आणि दहा मिनिटांत वीस वर्षांचा संसार चव्हाट्यावर येतो. मीसुद्धा बघते. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू?

माझ्या सासूसासऱ्यांनी मात्र या खुर्चीवाल्यांची दरवर्षी निराशा केली. हार्लन आणि व्हर्ला एकतीस वर्षं जून महिन्यात बॅडलँड्सच्या राष्ट्रीय पार्कला यायचे, पार्कच्या फाटकापासून चार मैलांवरच्या याच कॅम्पग्राउंडवर. हार्लन पिकअपमध्ये, पिकअपला जोडलेला सव्वीस फुटी ट्रेलर, आणि ट्रेलरच्या मागे डाव्या कोपऱ्याशी व्हर्ला. तोंडातून अवाक्षर नाही. एक हात वर, बोटं जरा इकडे, जरा तिकडे, मग मूठ. मूठ म्हणजे थांब. दोन मिनिटांत ट्रेलर जागेवर. लोक हिरमुसून बिअर प्यायला लागायचे.

हार्लन गेल्या ऑक्टोबरात गेला. झोपेतच गेला, कुणाला त्रास न देता, त्याच्या स्वभावाला शोभेल असा.

यंदा जूनमध्ये आम्ही चौघं आलो, पिकअप आणि माझी गाडी अशा दोन गाड्यांतून. व्हर्ला, तिचा मुलगा कर्टिस, म्हणजे माझा नवरा, आमची नऊ वर्षांची टेसा आणि मी, मार्नी. ट्रेलरची ही शेवटची सहल होती. कर्टिसने ऑफिसातल्या एका माणसाला ट्रेलर विकायचा शब्द दिला होता, सोमवारी तो घेऊन जाणार होता. व्हर्लाने तिचं घर मार्चमध्येच विकलं होतं आणि आमच्याकडे खाली तळघरात तिच्यासाठी खोली तयार होती. मीच रंगवली, पिवळी. पण मार्चपासून बाई आमच्या दारात उभ्या असलेल्या ट्रेलरमध्येच राहत होती. खोलीत रंगाचा वास येतो, म्हणे. तीन महिने कुठल्या रंगाचा वास येतो?

खरं सांगायचं तर तो वास मला हवाच होता. व्हर्ला वाईट नाही. पण मी डिशवॉशरमध्ये भांडी लावली की ती सगळी बाहेर काढून पुन्हा आपल्या पद्धतीने लावते, आणि वर म्हणते, "तुझंही बरोबरच होतं गं." असल्या माणसाबरोबर रोज उठून राहायचं या विचाराने खोली रंगवताना माझा हात जड झाला होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही पोचलो तेव्हा वारा असा की टोपी डोक्यावर ठरेना. कॅम्पग्राउंडची मालकीण आर्डिथ हातात माशा मारायची जाळी घेऊन ऑफिसात बसली होती. तिने व्हर्लाला घट्ट मिठी मारली, हार्लनबद्दल दोन शब्द बोलली, आणि मग लगेच धंद्याचं.

"चौदा नंबर फक्त आजच्यापुरता आहे हं. उद्या अकराच्या आत रिकामा करा आणि बावीसमध्ये जा. एकच जागा तिन्ही दिवस मिळाली नाही, सगळं भरलंय."

व्हर्लाचं लक्ष खिडकीबाहेर होतं. कॅम्पग्राउंडच्या फाटकाजवळची एक नंबरची जागा मोकळी होती. "बर्ट आणि लुईस कुठे गेले?"

"लुईसच्या गुडघ्याचं ऑपरेशन. ओहायोला परत गेले. ऐन हंगामात माझ्याकडे यजमान नाही बघ."

कॅम्पग्राउंडचा यजमान म्हणजे उन्हाळाभर तिथेच आपल्या ट्रेलरमध्ये राहणारं माणूस. आल्यागेल्याला जागा दाखवायची, शेकोट्यांवर लक्ष ठेवायचं, कुणाचा कुत्रा कुणाला चावला ते मिटवायचं.

"मी राहते," व्हर्ला म्हणाली.

आम्हा सगळ्यांनाच वाटलं ती चेष्टा करतेय. कर्टिस हसलाही. व्हर्ला हसली नाही.

आर्डिथने जाळी खाली ठेवली. "व्हर्ला, तुझ्यासारखी बाई मिळाली तर मी देवाचे आभार मानीन. पण एक आहे. यजमानाला आपली गाडी आपण हलवता आली पाहिजे. गारांचं वादळ आलं की सगळे ट्रेलर टेकडीच्या आडोशाला न्यावे लागतात. तेव्हा मी कुणाकुणाकडे धावू?"

"पिकअप मी रोज चालवते."

"नुसती पिकअप, आई," कर्टिस म्हणाला. "मागे ट्रेलर जोडून तू आयुष्यात एक फूटही मागे गेलेली नाहीस. आणि तो विषय आता संपलाय ना? सोमवारी ट्रेलर जाणार."

"मग सोमवारपर्यंत तो माझाच आहे," व्हर्ला म्हणाली. "किल्ली दे."

आणि त्याच दुपारी, चौदा नंबरपुढे, खुर्चीवाल्यांना एकतीस वर्षांची भरपाई मिळाली.

व्हर्ला पिकअपमध्ये चढली आणि काच खाली करते न करते तोच मदतीला माणसं धावली. आमच्याकडच्या पुरुषांना उलटा जाणारा ट्रेलर दिसला की हातातला घास टाकून उठावंसं वाटतं. आयोवाचा वेंडल, ज्याची स्वतःची मोटरहोम एखाद्या बसएवढी आहे, तो उजवीकडून हात फिरवायला लागला. एक टेक्सासवाला डावीकडून. कर्टिस मागे. विस्कॉन्सिनचा एक म्हातारा तर खुर्चीतून न उठताच सल्ले देत होता.

"उजवीकडे घ्या, बाई! तुमच्या नाही, ट्रेलरच्या उजवीकडे!"

"अहो, आता सरळ करा, सरळ!"

"आई, थांब! नाही, ये! आई, थांब म्हटलं ना!"

चार माणसांचे आठ हात. व्हर्ला बिचारी आरशात कुणाकडे बघणार? ट्रेलर आधी वाकडा झाला, मग जास्त वाकडा झाला, आणि मग लाकूड मोडल्याचा मोठा आवाज आला. आमच्याच जागेतल्या जेवणाच्या बाकाची एक बाजू भुईसपाट झाली होती आणि ट्रेलरचा मागचा लाल दिवा फुटला होता.

व्हर्ला खाली उतरली, दिव्याचे तुकडे वेचले आणि किल्ली कर्टिसच्या हातात ठेवली. मग कर्टिसने ट्रेलर लावला. त्यालाही चार खेपा लागल्या, पण ते कुणी मोजत नव्हतं. मी मोजलं.

रात्रीच्या जेवणाला चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल होते, हार्लनच्या आवडीचे. व्हर्लाने रोल नुसताच चिलीत बुडवून ठेवला.

"झालं ना आता?" कर्टिस म्हणाला. त्याचा सूर मऊच होता, त्यामुळे जास्त लागला असणार. "मी तुझ्या वाईटावर आहे का, आई? एकोणसत्तर वर्षांची तू. इथे एकटी. काही झालं तर मी सात तासांवर."

"आणि त्या पिवळ्या खोलीत काय होणार आहे?" व्हर्ला म्हणाली. "काहीच होणार नाही. तीच तर भीती आहे मला."

टेसाने विचारलं, "आजी, तुला आमच्याकडे राहायला नाही आवडत?"

"आवडतं, राणी. पाहुणी म्हणून खूप आवडतं."

मी मान खाली घालून चिली खाल्ली. मला एकाच वेळी सुटल्यासारखंही वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

शनिवारी सकाळी कर्टिस टेसाला माझ्या गाडीतून पार्कात घेऊन गेला, बायसन बघायला. साडेदहाला नक्की परत येतो, मग ट्रेलर बावीसमध्ये हलवू, असं ठरलं. माझं डोकं दुखत होतं म्हणून मी राहिले. दहा वाजले, साडेदहा वाजले, पावणेअकरा झाले. फोनला रेंज नाही. बायसनचा कळप रस्त्यावर बसला की तास तास उठत नाही, आणि हॉर्न वाजवायची कुणाची छाती होत नाही.

अकराला दहा कमी असताना आमच्यापुढे एक भलामोठा ट्रेलर येऊन थांबला. मिनेसोटाचं कुटुंब, तीन पोरं, चौदा नंबरची वाट बघत. खिडकीतून सगळे आमच्याकडे असे बघत होते, जणू आम्ही त्यांच्या घरात घुसलोय.

"वेंडलला सांगते," मी म्हणाले. "तो लावून देईल."

"लावून देईल, आणि दुपारपर्यंत सगळ्यांना सांगत फिरेल," व्हर्ला म्हणाली. तिने विजेची तार काढून गुंडाळली, पाण्याचा पाइप काढला, चाकांखालचे ठोकळे ओढले, ट्रेलरचे टेकूचे पाय वर केले. एकतीस वर्षं खालची ही सगळी कामं तिचीच होती, हार्लनने कधी पाइपला हात लावला नाही. पिकअप जोडताना ती वाकलेलीच होती आणि तशीच बोलायला लागली.

"मार्नी, तुला एक सांगते. कर्टिसला माहीत नाही. हार्लनची मान शेवटची चार वर्षं वळतच नव्हती. आणि उजव्या डोळ्याला आरसा दिसायचा नाही."

"मग तो ट्रेलर कसा लावायचा?"

"डाव्या आरशात माझा हात बघायचा. हात जिकडे, तिकडे स्टीअरिंग. बाकी काही त्याला दिसत नव्हतं." तिने साखळी अडकवली आणि उभी राहिली. "चालवायचा तो. लावायचे मी."

"पण मग काल..."

"काल मागे मी नव्हते ना!" ती चिडूनच म्हणाली. "मागे ते चार बावळट होते, त्यातला एक माझा मुलगा."

मला हसू फुटलं. पहिल्यांदाच मला वाटलं की या बाईने जिंकावं. ती माझ्या घरात यायची टळावी म्हणून नव्हे. नुसतंच जिंकावं.

"मी मागे उभी राहू?" मी विचारलं.

"तुला काय कळतं त्यातलं? तू फक्त एक कर. त्या लोकांना लांब ठेव."

हे काम मला जमण्यासारखं होतं. ओरडण्याच्या बाबतीत मी माझ्या आईवर गेलेय.

बावीस नंबरची जागा उजव्या हाताला होती, म्हणजे डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरला अजिबात न दिसणारी बाजू. एका अंगाला एल्मचं झाड, दुसऱ्या अंगाला विजेचा खांब. व्हर्ला पिकअप पुढे घेऊन गेली, थांबली. आणि इंजिन चालू ठेवूनच खाली उतरली.

ती चालत मागे गेली. ट्रेलरच्या मागे, डाव्या कोपऱ्याशी, जिथे ती एकतीस वर्षं उभी राहत आली होती, तिथेच जाऊन उभी राहिली. झाडाकडे बघितलं, खांबाकडे बघितलं. मग रिकाम्या पिकअपच्या आरशाकडे बघून तिने हात वर केला आणि बोटं जराशी उजवीकडे वळवली. तेवढं करून परत चालत पुढे आली, वर चढली, स्टीअरिंग तेवढंच वळवलं आणि ट्रेलर दोन फूट मागे घेतला. थांबली. पुन्हा उतरली.

खुर्च्या वळल्याच होत्या. वेंडल उठलाच. "अहो बाई, असं उतरून चढून संध्याकाळ होईल! थांबा, मी..."

"वेंडल, खाली बसा!" मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"अगं, पण मी फक्त सांगतोय..."

"काल तुम्ही सांगितलंत आणि आम्ही एका बाकाला मुकलो. आज तुम्ही हात वर केलात ना, तर तो हात खाली कसा आणायचा ते मी बघीन."

टेक्सासवाला अर्धा उठला होता, तो तसाच बसला. विस्कॉन्सिनचा म्हातारा खुर्चीतूनच म्हणाला, "मी तर काही बोललोच नाही." मी त्याच्याकडेही बघितलं आणि त्याने खरंच तोंड मिटलं.

व्हर्ला उतरायची, मागे जायची, आरशातल्या नसलेल्या नवऱ्याला हात करायची, परत येऊन स्वतःच ते ऐकायची. दोन फूट. कधी एकच फूट. एकदा चुकलं, ट्रेलर झाडाकडे सरकला. तिने मागे जाऊन हात पुढे ढकलला, म्हणजे पुढे घे, आणि येऊन पुढे घेतला. मिनेसोटाची पोरं खाली उतरून मोजत होती. "अकरा! बारा!" वाऱ्याने तिचे पांढरे केस तोंडावर येत होते. तिचे गुडघेही काही लुईसपेक्षा फार बरे नाहीत, पिकअपची पायरी उंच आहे, आणि प्रत्येक वेळी चढताना ती दाराला धरून क्षणभर थांबत होती. या बाईला मी तळघरात ठेवायला निघाले होते, तेही मनातून नको असताना.

एकोणिसाव्या वेळी ती मागे गेली, हात वर केला आणि मूठ मिटली. तशीच उभी राहिली थोडा वेळ, मूठ वर धरून. मग येऊन इंजिन बंद केलं.

ट्रेलर झाड आणि खांब यांच्या बरोबर मधोमध होता. कुणी टाळ्या वाजवायला सुरुवात केली मला माहीत नाही, पण वेंडल सगळ्यांत जोरात वाजवत होता, हे मान्य करावं लागेल.

"एकोणीस वेळा," व्हर्ला धापा टाकत म्हणाली. "लाज वाटते."

"कुणाला? खांबाला?" मी म्हणाले आणि तिला मिठी मारली. आम्ही दोघी एरवी मिठ्या मारणाऱ्यांतल्या नाही.

साडेअकराला कर्टिस धुळीने माखलेली गाडी घेऊन आला, चेहरा घाबराघुबरा. बायसनचा कळप, सव्वा तास. चौदा नंबरमध्ये परकी पोरं खेळताना बघून तो आणखीच गडबडला. बावीसपाशी आला, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, झाडापासूनचं अंतर बघितलं, खांबापासूनचं बघितलं.

"कुणी लावला? वेंडलने?"

वेंडल आपल्या खुर्चीतून ओरडला, "मला तर बसायला सांगितलं होतं!"

कर्टिसने आईकडे बघितलं. ती पाण्याचा पाइप जोडत होती, मान वर केली नाही. मग मी त्याला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. एकोणीस वेळा उतरल्याचं सांगितलं. मग त्याच्या बाबांच्या मानेचं आणि डोळ्याचंही सांगितलं.

"म्हणजे एवढी वर्षं मी मागे गाडीत बसून बाबांची तारीफ करत होतो," तो म्हणाला.

"तारीफ बरोबरच होती. फक्त अर्धीच होती."

दुपारी तो एकटाच टेकडी चढून गेला, जिथे फोनला रेंज येते. खाली आला तेव्हा म्हणाला, ऑफिसातल्या माणसाला दुसरा ट्रेलर शोधावा लागेल. मग सुतारकामाचं सामान मागायला आर्डिथकडे गेला आणि संध्याकाळपर्यंत बाक दुरुस्त करत बसला. माफी मागायची त्याची हीच पद्धत आहे, बापासारखी.

रविवारी आम्ही निघायच्या आधी व्हर्लाला यजमानाच्या एक नंबरच्या जागेत, फाटकाजवळ, हलायचं होतं. पिकअप आणि ट्रेलर तिच्याकडेच राहणार होते, आम्ही तिघं माझ्या गाडीने परतणार होतो. तिने पिकअप पुढे घेतली, जागेसमोर लावली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कर्टिस, जरा मागे जाऊन उभा राहतोस?"

"आई, तुला येतंय की. मी कशाला मध्ये?"

"येतंय मला. तू काही करायचं नाहीस. हात खिशात घाल आणि डाव्या कोपऱ्याशी उभा राहा. एवढंच."

"मग माझा उपयोग काय?"

"मागे कुणीतरी आपलं उभं असलं की बरं वाटतं," ती म्हणाली. "मी एकतीस वर्षं दुसरं काय केलं?"

कर्टिस मागे गेला. हात खिशात घातले. डाव्या कोपऱ्याशी उभा राहिला. आर्डिथ ऑफिसच्या दारात आली होती, टेसा फाटकावर चढून बसली होती, आणि खुर्च्या, अर्थातच, सगळ्या वळलेल्या होत्या. व्हर्लाने डाव्या आरशात एकदा बघितलं आणि ट्रेलर मागे घेतला. वाऱ्याने धूळ उडत होती, कर्टिसच्या डोळ्यांत ती गेली असावी, कारण तो ते पुसत होता, आणि त्यासाठी खिशातून हात काढल्याबद्दल त्याला शिव्या मिळाल्या.

जायच्या वेळी ती माझ्या खिडकीपाशी आली. "ती पिवळी खोली तशीच ठेव. कॅम्पग्राउंड ऑक्टोबरात बंद होतं. थंडीत मी येईन."

"ये. डिशवॉशर तूच लाव."

"तुझंही बरोबरच असतं गं," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

गाडी महामार्गाला लागली. मग मागच्या सीटवरून टेसा म्हणाली, "बाबा, आज आजी किती वेळा खाली उतरली?"

कर्टिसने आरशात मागे बघितलं.

"एकदाही नाही," तो म्हणाला.